टुमदार गावात दोन दिवस: गाव निवडण्यापासून परतीच्या बसपर्यंत

दोन दिवसांची सुट्टी हाताशी आली की बहुतेकजण एखाद्या मोठ्या शहराची तिकिटं काढतात आणि सोमवारी गेले होते त्याहून दमून परत येतात. मोठं शहर दोन दिवसांत पाहून होत नाही, मग सगळा वेळ यादीतल्या नावांवर काट मारण्यात जातो. छोटं गाव मात्र दोन दिवसांच्या मापात बसतं. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला वीस मिनिटांत चालत पोचता येतं, एकाच गल्लीतून सकाळ, दुपार, रात्र असं तीनदा जाणं होतं आणि दुसऱ्या दिवशी रस्ता विचारावा लागत नाही. अट एकच, गाव नीट निवडायला हवं. चुकीच्या गावात शनिवारी दुपारी दोनलाच ‘आता काय करायचं?’ हा प्रश्न पुढ्यात येतो. म्हणून या लेखात निवडीला जास्त जागा दिली आहे, बाकीचं त्यामानाने सोपं आहे.

आधी अंतर, मग गाव

घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत तीन तास, फार तर चार. शुक्रवारी काम संपवून निघालं तर झोपायच्या आत पोचता आलं पाहिजे. याहून लांबचं गाव कितीही सुंदर असलं तरी ते मोठ्या सुट्टीसाठी ठेवा.

हे तास मोजताना लोक शेवटचा टप्पा विसरतात. जुनी देखणी गावं बहुधा रेल्वे स्टेशनला लागून नसतात (त्याचं कारण पुढे येईलच). ऑस्ट्रियातल्या हालस्टाटचं स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे. गाडीतून उतरलं की होडीने पलीकडे जायचं आणि ही होडी रात्री उशिरापर्यंत चालत नाही. जपानमधल्या त्सुमागोसाठी नागिसो स्टेशनला उतरून बस पकडावी लागते. मध्य प्रदेशातल्या ओरछाला जाणारे बरेचजण झाशीला उतरतात आणि पुढचे पंधरा-सोळा किलोमीटर रस्त्याने करतात. म्हणून आधी शेवटची बस किंवा होडी किती वाजता आहे ते पाहा आणि तिथून उलटं मोजत या. शुक्रवारी ती गाठता येत नसेल तर शनिवारी पहाटे निघा. मध्येच कुठेतरी स्टेशनजवळच्या लॉजवर रात्र काढण्यात काही राम नाही.

ज्या गावाचं नशीब फिरलं, ते गाव बघा

जगातली देखणी छोटी गावं एकापुढे एक मांडली तर बहुतेकांची कहाणी एकाच वळणाने जाते. आधी तिथे भरपूर पैसा आला, त्या पैशातून चांगली घरं, देवळं, चर्चं, तटबंद्या उभ्या राहिल्या. मग पैसा येण्याची वाट बंद झाली. जुनं पाडून नवं बांधायला कोणाकडे काही उरलं नाही, म्हणून जुनं तसंच राहिलं. गाव निवडताना मी हीच गोष्ट आधी शोधतो. वाट कशामुळे बंद झाली ते कळलं की गावात काय पाहायचं तेही बरंचसं कळतं.

व्हिएतनाममधलं होइ आन घ्या. पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत हे गजबजलेलं बंदर होतं. चिनी आणि जपानी व्यापारी तिथे येऊन राहिले. पुढे थू बोन नदी गाळाने उथळ होत गेली, मोठी जहाजं दा नांग बंदराकडे वळली आणि होइ आन मागे पडलं. १९९९ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं ते या मागे पडण्यामुळे शाबूत राहिलेल्या गल्ल्यांसाठी. तिथली व्यापाऱ्यांची घरं समोरून अगदी अरुंद आणि आत लांबच लांब. नदीला दरवर्षी पूर येतो, म्हणून काही घरांत वरच्या मजल्याच्या जमिनीत चौकोनी झरोका ठेवलेला आहे. पाणी चढायला लागलं की माल आणि सामान त्यातून दोरीने वर ओढून घ्यायचं. भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा सालासकट लिहिलेल्या दिसतात, काही तर आपल्या डोक्याच्याही वर. हे बंदर नदीनेच उभं केलं आणि नदीनेच संपवलं, हे माहीत असेल तर तो झरोका नजरेतून सुटत नाही. माहीत नसेल तर आपण कंदिलांचे फोटो काढून परततो.

ब्राझीलमधल्या पाराचीचं असंच. खाणींच्या मुलखातलं सोनं या बंदरातून बाहेर जायचं. अठराव्या शतकात रिओकडे जाणारी नवी वाट झाली, सोनं तिकडून जायला लागलं आणि गाव विसरलं गेलं. मोठा हमरस्ता तिथे पोचला तो १९७०च्या दशकात, तोवर पाडापाडी करायला कोणी फिरकलंच नव्हतं. जुन्या भागात आजही मोटारी नाहीत. समुद्राला मोठं भरतं आलं की पाणी खालच्या गल्ल्यांत शिरतं आणि ओहोटीला निघून जातं. रस्त्यातले दगड इतके ओबडधोबड आहेत की वर बघत चालायची सोयच नाही. आधी थांबायचं, मग वर बघायचं.

कधी कारण रस्त्याचं असतं. नेपाळमधलं बंदीपूर हे डोंगरावरचं नेवार व्यापाऱ्यांचं गाव. १९६०-७०च्या दशकांत काठमांडू–पोखरा महामार्ग खालून गेला, जिल्ह्याचं ठाणं दमौलीला हललं आणि व्यापारी खाली उतरले. वर राहिला तो फरसबंदीचा बाजाररस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची लाकडी ओसऱ्यांची घरं. त्सुमागो हा एदो (आजचं टोकियो) ते क्योतो या नाकासेंदो मार्गावरचा पडाव. रेल्वे आली ती गाव टाळून, आणि वाटसरूंच्या जिवावर चालणारी वस्ती ओस पडायला लागली. १९६८ पासून गावकऱ्यांनीच घरं दुरुस्त करायला घेतली आणि १९७१ मध्ये आपसात नियम केला: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. स्टेशन लांब का, याचं उत्तर इथे मिळतं. स्टेशन जवळ असतं तर गाव असं उरलंच नसतं.

राजधानी हलली तरी हेच होतं. बुंदेल्यांनी १७८३ मध्ये कारभार टीकमगढला नेला आणि ओरछाचे महाल, बेतवा नदीकाठच्या छत्र्या (राजांच्या समाध्या) मागे राहिल्या. रोथेनबुर्ग हे जर्मनीतलं तटबंदीचं गाव १६३१ च्या लढाईनंतर गरिबीत गेलं आणि त्या गरिबीनेच त्याचं मध्ययुगीन रूप राखलं.

तेव्हा गावाचं नाव कानावर आलं की दोनच गोष्टी विचारा: इथे पैसा कशाचा होता, आणि तो गेला कुठे? दोन्हींची उत्तरं चटकन सापडली तर गावात दोन दिवस पुरेल इतकं नक्की आहे. ‘निसर्गरम्य’, ‘शांत’, ‘मन मोहवणारं’ एवढंच हाती लागलं तर जरा थांबा.

गावात माणसं राहतात ना?

पैसा गेला तो गेला, पण माणसंही गेली असतील तर दुसरा दिवस जड जातो. इटलीतलं चिविता दि बान्योरेज्यो ठिसूळ दगडाच्या कड्यावर उभं आहे. कडा झिजतोय आणि आत जायला फक्त एक पादचारी पूल आहे. २०१३ पासून प्रवेशाचं तिकीट लागतं. कायम राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. दृश्य अफाट आहे, पण तीन-चार तासांत सगळं होऊन जातं. अशी गावं वाटेत थांबून पाहायची.

नकाशा उघडून शाळा, औषधाचं दुकान, पोस्ट, केशकर्तनालय शोधा. हे चारही दिसले तर सकाळी आठला रस्त्यावर कोणीतरी असेल. फक्त हॉटेलं आणि भेटवस्तूंची दुकानं दिसली तर संध्याकाळी सहानंतर तिथे कुलपं भेटतील.

नकाशा उघडलाच आहे तर उपग्रहाचं चित्रही लावा. जुनं गाव वरून ओळखू येतं: वाकड्यातिकड्या गल्ल्या, नदीचं वळण, तटाची गोल रेघ, मधोमध चौक. चेक प्रजासत्ताकातलं चेस्की क्रुमलोव्ह असं पाहा, व्हल्टावा नदीने गावाभोवती घातलेला वेढा एका नजरेत दिसतो. मग जुन्या भागाची लांबी मोजा. एक ते दीड किलोमीटर हे उत्तम माप. पाचशे मीटरच्या आत असेल तर जोडीला जवळपास एखादी पायवाट, तळं किंवा दुसरं गाव हवं. त्सुमागोचा मुख्य रस्ता लहानसाच आहे, पण तिथून मागोमेपर्यंत जुन्या मार्गाने साधारण आठ किलोमीटरची सुंदर चाल आहे, म्हणून तिथे दोन दिवस सहज जातात.

याद्यांचं काय करायचं

याद्या चिक्कार आहेत, त्यातल्या काहींनाच निकष आहेत. फ्रान्समध्ये सर्वांत सुंदर खेड्यांची एक संघटना १९८२ पासून आहे. तिच्यात शिरायला गावाची वस्ती दोन हजारांच्या आत असावी लागते आणि निदान दोन वास्तू किंवा जागा संरक्षित असाव्या लागतात. इटलीत १९९९ मध्ये सुरू झालेली ‘चित्तास्लो’ ही संथ जगणाऱ्या गावांची चळवळ आता अनेक देशांत पसरली आहे. तिची मर्यादा पन्नास हजारांची. संयुक्त राष्ट्रांची पर्यटन संस्था २०२१ पासून उत्तम पर्यटन खेडी निवडते, तिथे वस्ती पंधरा हजारांपेक्षा जास्त चालत नाही. गाव शोधायला या तीन याद्या पुरेत. ‘मरण्यापूर्वी पाहायलाच हवी अशी गावं’ छापाच्या याद्या सोडून द्या, त्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात.

यादीत पहिलं आलेलं गाव सहसा घेऊ नका, त्याच्या शेजारचं घ्या. रोथेनबुर्गला गर्दी लोटते. त्याच रस्त्यावरच्या डिंकेल्सब्यूलची तटबंदी पूर्ण आहे, दुसऱ्या महायुद्धातही त्याला फारशी झळ लागली नाही आणि तिथे गर्दी कमी असते. हालस्टाटची वस्ती आठशेच्याही आत. तिथे इतके पर्यटक यायला लागले की २०२० पासून बसगाड्यांना वेळ ठरवून द्यावी लागली आणि २०२३ मध्ये रहिवाशांनी बोगद्याचा रस्ता अडवून निदर्शनं केली. त्याच तळ्याच्या आग्नेय काठाला ओबरट्राउन आहे. तिथे राहून सकाळी लवकर हालस्टाटला जाऊन आलं तर दोन्ही साधतं.

कोणता शनिवार, कोणता रविवार

गाव ठरलं की कॅलेंडर बघा. जर्मनी, ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं बंद असतात. इस्रायलमधल्या त्सफातमध्ये शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधीपासूनच शनिवारी रात्रीपर्यंत बससुद्धा मिळत नाही. जत्रा किंवा महोत्सव असेल तर खोल्या महिनोन् महिने आधी गेलेल्या असतात. जत्रेसाठीच जात असाल तर उत्तम, गाव पाहायला जात असाल तर तो आठवडा टाळा. आठवडे बाजाराचा दिवस मात्र जरूर साधा. आजूबाजूची माणसं त्या दिवशी गावात उतरतात आणि एरवी रिकामा वाटणारा चौक कशासाठी एवढा मोठा ठेवला ते समजतं.

ऐन हंगामाच्या आधीचे किंवा नंतरचे दोन-तीन आठवडे सर्वांत चांगले. अगदी बिगरहंगामात गेलात तर खाणावळी चालू आहेत का ते फोन करून विचारून घ्या.

मुक्काम जुन्या भागातच

यात तडजोड करू नका. सहलीच्या बसगाड्या सकाळी दहाच्या सुमारास येतात आणि चार-पाचला निघून जातात. उरलेले तास गाव गावाचं असतं, आणि ते तास मिळावेत म्हणून तर रात्र काढायची. गावाबाहेर हमरस्त्यावर स्वस्त आणि मोठी खोली मिळते, पण मग रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा कोणी गावात जात नाही.

संकेतस्थळावर खोली पसंत केली तरी एकदा फोन करा. खोली कितव्या मजल्यावर आहे, जिना कसा आहे (जुन्या घरांतले जिने कधीकधी शिडीचे भाऊ असतात), गाडी कुठे लावायची, तिथून सामान घेऊन किती चालायचं, रात्री उशीर झाला तर दार कोण उघडणार. घड्याळाचा मनोरा किंवा चर्च शेजारी असेल तर घंटा रात्रभर वाजते का, हेही विचारा. जे नीट उत्तरं देतात ते गावाबद्दलही नीट सांगतात, हा वरचा फायदा.

सामान एकच, पाठीवर घेता येईल असं. फरसबंदीवर चाकांची बॅग ओढणं हा त्रास तुम्हाला आणि रात्री अकराला अख्ख्या गल्लीला. बूट जुने, पायाला सवय झालेले. रोख पैसे निघण्याआधीच काढून ठेवा, कारण एकुलतं एक एटीएम रविवारी रिकामं असण्याची शक्यता दांडगी.

दोन दिवस कसे घालवायचे

शुक्रवारी पोचलात की सामान टाकून अर्धा तास नुसते फिरा. काही पाहायचं नाही, फक्त नदी कुठे, चौक कुठे, आपलं दार कुठलं एवढं पायांना कळू द्या.

शनिवारी उजाडताच बाहेर पडा आणि आधी गावाची कड चाला. तट असेल तर तटावरून, नदी असेल तर काठाने. कडेवरून चालताना गाव कोणाला घाबरायचं आणि कोणाची वाट पाहायचं ते दिसतं: वेस कोणत्या दिशेला आहे, बंदराचा धक्का कुठे, उंच घरं कोणत्या रस्त्याला. रोथेनबुर्गच्या तटावरून चालताना भिंतीत नावं कोरलेले दगड दिसतात. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तटाचा काही भाग पडला, तो जगभरच्या लोकांनी वर्गणी देऊन पुन्हा उभा केला, त्यांची ती नावं. पोर्तुगालमधल्या ओबिदुशच्या तटावरही चालता येतं, पण तिथे आतल्या बाजूला कठडा नाही. लहान मुलं बरोबर असतील किंवा उंचीने गरगरत असेल तर खालूनच पाहा.

कड झाली की आत शिरा. मोठं देऊळ, किल्ला, संग्रहालय असं जे एक मुख्य असेल ते दार उघडताच, बसगाड्यांच्या आधी उरकून घ्या. मग दहा ते चार गाव पाहुण्यांच्या स्वाधीन करा आणि तुम्ही बाहेर पडा: टेकडी, शेजारचं गाव, नदीकाठ किंवा सरळ खोलीवर येऊन झोप. दुपारच्या गर्दीत नेटाने फिरत राहणारे संध्याकाळी थकलेले असतात, आणि नेमकी संध्याकाळच हातची जाते. पाचनंतर पुन्हा त्याच गल्ल्यांतून जा. सकाळी उजेडात असलेली बाजू आता सावलीत असते, दुकानदार खुर्ची बाहेर टाकून बसलेले असतात. अशा वेळी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळतं. प्रश्न नेमका असावा: ‘ही खूण कसली?’, ‘या घरात पूर्वी काय होतं?’ ‘इथे पाहण्यासारखं काय आहे?’ म्हटलं की छापील उत्तर येतं.

रविवारची सकाळ कार्यक्रमाविना ठेवा. जे आवडलं तिथे पुन्हा जा.

रहिवाशांची घरं आहेत ती

रंगवलेलं दार, फुलांची खिडकी, ओसरीवर बसलेली आजी यांचे फोटो काढण्याआधी विचारा. दार उघडं असलं म्हणून ते प्रदर्शन होत नाही. लाओसमधल्या लुआंग प्रबांगमध्ये पहाटे भिक्खू रांगेने भिक्षेला निघतात. तिथे रस्त्याच्या पलीकडे शांत उभं राहायचं, फ्लॅश लावायचा नाही, फोटोसाठी त्यांच्या वाटेत जायचं नाही. त्यातलं काही समजत नसेल तर नुसतं पाहावं. जेवण, चहा, एखादी वस्तू गावातल्याच दुकानातून घ्या. दिवसभर फिरून बाहेरून आणलेल्या डब्यावर भागवणाऱ्या पाहुण्यांचा गावाला काय उपयोग?

परतताना

रविवारी शेवटच्या बसवर अवलंबून राहू नका, तिच्या आधीची पकडा. रविवारचं वेळापत्रक बहुधा वेगळं आणि विरळ असतं, आणि शेवटच्या गाडीला सगळेच असतात. वेळ थांब्यावरच्या फलकावर शुक्रवारीच पाहून फोटो काढून ठेवा, शंका असेल तर मुक्कामाच्या मालकांना विचारा. खोली सकाळी सोडावी लागते, पण सामान ठेवायला ते सहसा नाही म्हणत नाहीत. स्वतःची गाडी असेल तर दुपारच्या जेवणानंतर लगेच निघा, नाहीतर संध्याकाळी शहराच्या तोंडाशी सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहावं लागेल.